‘वास’ वाक्यात कसा वापरायचा? शिकवणीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी पेठेत मी घरीच मराठीची शिकवणी घेते. दुपारी शाळेची मुलं येतात. संध्याकाळी सातनंतर तीन-चार मोठी माणसं येतात, नोकरीसाठी कानडी आणि तेलुगू मुलखातून इथं आलेली. ‘शब्दाचा वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न दोन्ही गटांना असतो आणि ‘वास’ आला की दोन्ही गट अडखळतात. मुलांचा फार तर एक गुण जातो. मोठ्यांची मात्र भर बाजारात फजिती होते. व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच इथं लिहून ठेवते.

‘वास’ हा शब्द चांगल्या अर्थाचा की वाईट?

मुळात कुठलाच नाही, पण एकटा सोडला की वाईटाकडे कलतो. ‘खोलीत वास येतोय’ असं म्हटलं तर कुणी अत्तराची कुपी शोधत नाही, कपाटामागं मेलेला उंदीर शोधतात. चांगला असेल तर मराठी माणूस तो कशाचा हे सांगितल्याशिवाय राहत नाही: ‘खोलीत मोगऱ्याचा वास येतोय.’ म्हणून मुलांना मी पहिलं सांगते की ‘कशाचा’ हे लिहा. निम्मं काम तिथंच होतं.

‘दुधाचा वास येतोय’ आणि ‘दुधाला वास येतोय’ यांत फरक काय? दोन्हीकडे दूध आणि वासच आहे ना?

या प्रश्नामागं एक प्रसंग आहे. माझे एक विद्यार्थी हुबळीकडचे. त्यांना कुणीतरी गंगावेशीत दूध प्यायला नेलं. तिथं संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. पहिला घोट घेऊन हे मोठ्या कौतुकानं म्हणाले, ‘मामा, दुधाला काय वास येतोय!’ गवळीमामांचा हात थांबला. म्हैस समोर, धार समोर. मामा म्हणाले, ‘पाव्हणं, वास कुठनं यील? आत्ता काढलंय न्हवं तुमच्यासमोर?’

आता व्याकरण बघू. ‘चा’ नुसता उगम सांगतो, म्हणजे वास दुधाचा आहे, एवढंच. ‘ला’ मात्र ठपका ठेवतो. दुधाला वास येतो म्हणजे दूध नासायला लागलंय. तोंडाला वास येतो, मोज्यांना वास येतो, कालच्या आमटीला वास येतो, या सगळ्या तक्रारीच आहेत. पण ‘ला’ आणि ‘वास’ यांच्यामध्ये एखाद्या चांगल्या पदार्थाचं नाव घातलं की तक्रार विरून जाते. ‘दुधाला वेलदोड्याचा वास येतोय’ हे कौतुक झालं. हुबळीकरांनी ‘दुधाचा काय वास येतोय!’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ‘दूध काय ताजं आहे!’ म्हटलं असतं तर मामांनी बहुतेक अर्धा पेला वर ओतला असता.

‘मला वास येतो’ म्हणजे मी वास ओळखतो, की माझ्या अंगाचा वास येतो?

‘मला’ असेल तर वास घेणारं नाक माझं. ‘मला करपल्याचा वास येतोय’ यात कुणाला शंका येत नाही. घोटाळा ‘त्याला’ आलं की होतो. ‘त्याला वास येतो’ याचे दोन्ही अर्थ निघतात, आणि दुसरा अर्थ निघाला तर भांडण होतं. अंगाबद्दल बोलायचं असेल तर ‘त्याच्या अंगाला वास येतो’ असं लिहा, आणि नाकाबद्दल बोलायचं असेल तर ‘त्याला वास कळतो’ किंवा ‘जाणवतो’.

‘मी वास येतो’ हे वाक्य कुठल्याच अर्थानं बरोबर नाही.

आमच्याकडे वासाला ‘वासने’ म्हणतात. मग मराठीत ‘वासना’ चालेल का?

नाही. कृपा करून नाही!

कानडीत ‘वासने’ आणि तेलुगूत ‘वासन’ म्हणजे वास, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाच्या तोंडून ‘वासना’ सहज निघतं. संस्कृतात ‘वासन’ म्हणजे सुवासिक करणं. कपड्याला धूप दिला की धूप विझला तरी वास उरतो, तशी मनावर उरलेली छाप असं ‘वासना’ या शब्दाचं जुनं स्पष्टीकरण सांगतात. दक्षिणेच्या भाषांनी वास ठेवला, मराठीनं छाप ठेवली आणि तीही लालसेच्या अर्थानं. ‘तुमच्या स्वयंपाकघरातून छान वासना येते’ हे वाक्य एकानं घरमालकीणबाईंना ऐकवलं होतं. बाई समजूतदार होत्या.

वास येतो, सुटतो, मारतो, लागतो… यांतलं नेमकं क्रियापद कसं निवडायचं?

मला विचाराल तर या पानावरचा हाच खरा प्रश्न. वासाबद्दलचं मराठीतलं बरं-वाईट मत नामापेक्षा क्रियापदात जास्त असतं.

‘येणे’ साधं, कुठंही चालतं. ‘सुटणे’ वाऱ्यासारखं आहे. वारा सुटतो तसा वास सुटतो, आणि तो बहुतेक चुलीवरूनच: ‘रविवारी अकराला पेठेत मटणाच्या फोडणीचा वास सुटतो.’ ‘मारणे’ कायम वाईट. मोगऱ्याचा वास कधी मारत नाही, ओल्या रेनकोटचा मारतो. ‘लागणे’चे अर्थ दोन. एक म्हणजे दुसऱ्याचा वास चिकटणे: ‘पातेलं नीट घासलं नाही, चहाला कांद्याचा वास लागलाय.’ दुसरा म्हणजे सुगावा: ‘बदली होणार याचा वास त्याला आधीच लागला होता.’

‘घेणे’ मुद्दाम असतं. माझी आज्जी आमटीचा नुसता वास घेऊन मीठ कमी आहे म्हणायची. मिठाला वास नसतो, पण हे तिला कोण सांगणार? आणि मीठ खरंच कमी असायचं. ‘वास काढणे’ म्हणजे वासाच्या मागावर जाणे: ‘मांजर वास काढत फडताळापर्यंत आलं.’ ‘हुंगणे’ म्हणजे नाक अगदी जवळ नेऊन घेणे. देवाला वाहायचं फूल हुंगू नये, असं घरोघरी सांगतात. तिथं ‘फुलाचा वास घेऊ नये’ हेही चालतं, पण ‘हुंगू नये’ म्हटलं की नाक दिसतं. माणसाबद्दल ‘हुंगत फिरतोय’ म्हणणं मात्र अपमान आहे.

‘दरवळणे’ आणि ‘घमघमणे’ चांगल्यासाठीच राखलेले शब्द आहेत. ‘गटार दरवळले’ असं सातवीतल्या एकानं लिहिलं होतं. चूक म्हणून खूण करणार होते, मग त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं की पोरानं मुद्दाम लिहिलंय. गुण दिला.

दोन क्रियापदं एकाच वाक्यात बसवून दाखवा म्हटल्यावर एका मुलीनं लिहिलं: ‘रंकाळ्यावर भाजल्या कणसाचा वास सुटला होता, पण वारा फिरला की पाण्याचा वास मारत होता.’ ज्यानं रंकाळा पाहिलाय त्याला यात काही समजावून सांगावं लागणार नाही.

‘सुगंधी पसरली’ चूक का? ‘दुर्गंधी पसरली’ तर चालतं.

चालतं, कारण मराठीत ही जोडी जुळी राहिलेली नाही. ‘सुगंधी’ विशेषण आहे: सुगंधी उटणं, सुगंधी तेल. ‘दुर्गंधी’ स्त्रीलिंगी नाम झालंय: दुर्गंधी सुटली, दुर्गंधी पसरली. म्हणून चांगला तो ‘सुगंध पसरला’ आणि वाईट ती ‘दुर्गंधी पसरली’. ‘दुर्गंध’ही आहे, तो पुल्लिंगी. ‘सुगंधी वास’ आणि ‘सुवासिक वास’ हे म्हणजे पिवळा पितांबर. टाळलेलं बरं.

‘गंध’ पुल्लिंगी की नपुंसकलिंगी?

नाकाला येतो तो गंध पुल्लिंगी, कपाळाला लागतं ते गंध नपुंसकलिंगी. ‘मातीचा गंध आला’, पण ‘कपाळावर गंध लावलं’. अंबाबाईच्या दर्शनाबद्दल निबंध लिहिताना मुलं हमखास ‘गंध लावला’ लिहितात.

‘गंध नसणे’ हा वाक्प्रचार परीक्षेत आवडीनं विचारतात. अर्थ: अजिबात माहिती नसणे. ‘त्याला शेतीचा गंधही नाही आणि निघाला उसाला खत सांगायला.’ ‘गंधवार्ता नसणे’ याचाही अर्थ जवळपास तोच, पण ते घडलेल्या किंवा घडणाऱ्या गोष्टीबद्दल: ‘घर विकायला काढल्याची आम्हाला गंधवार्ताही नव्हती.’ शेतीची गंधवार्ता नसते, घर विकल्याची असते किंवा नसते.

याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे गंधक. नाव वासावरून पडलं, पण शुद्ध गंधकाला वास जवळजवळ नसतोच. नाक धरायला लावतात ती त्याची संयुगं. सडक्या अंड्यात तीच, हिंगात तीच, आणि आपल्या कांदा-लसणातही तीच. कोल्हापूरच्या चटणीचा (म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचा) डबा उघडल्यावर पहिला जो दणका बसतो, त्यात गंधकाचा वाटा असतो.

‘घ्राणेंद्रिय’ वाक्यात कसा वापरायचा?

जपून वापरा. ‘आई घ्राणेंद्रियाने भाजीचा वास घेते’ हे वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे, पण असं कुणी बोलत नाही. आई नाकानंच वास घेते. हा शब्द विज्ञानाच्या वहीत शोभतो: ‘सर्दीमुळे घ्राणेंद्रियाचे काम मंदावते.’ घ्राण + इंद्रिय असा संधी, म्हणून ‘घ्राणें’. ‘घ्राणींद्रिय’ नाही.

गंमत म्हणजे या भारदस्त ‘घ्राण’चंच प्राकृतात ‘घाण’ झालं. तिथून ते मराठीत आलं आणि इथं नुसतं वाईट वासापुरतं, पुढं एकूणच गलिच्छपणापुरतं उरलं. वाघाला ‘व्याघ्र’ म्हणतात तेही याच धातूवरून, वास घेत फिरणारा म्हणून, असं जुनी व्युत्पत्ती सांगते. भज्यांचा पहिला ‘घाणा’ मात्र या घराण्यातला नाही, बिनधास्त खा.

वनवास, उपवास, सुवासिनी… यांत पण ‘वास’ आहे. हे शब्द लिहिले तर गुण मिळतील का?

वासाबद्दल विचारलं असेल तर नाही. वनवास, सहवास, कारावास, उपवास यांतला ‘वास’ राहण्याचा आहे. सुवासिनीचाही सुवासाशी संबंध नाही. सहावीतल्या एका मुलानं ‘सुवासिनी म्हणजे अत्तर लावलेली बाई’ असं लिहिलं होतं. हळदीकुंकवाला गुलाबदाणी फिरताना पाहिल्यावर त्याला दुसरं काय वाटणार? छपराचा ‘वासा’ आणि तोंड ‘वासणे’ हे तर अजून वेगळे.

फुलाचं वाक्य लिहिलं, तरी अर्धाच गुण का मिळाला?

कारण ‘फुलाला सुगंध आहे’ यात सुगंध काही करत नाही. तो शब्द काढून तिथं ‘रंग’ घातला तरी वाक्य तसंच उभं राहतं. वाक्यात उपयोग म्हणजे तो शब्द काढला की वाक्य लंगडं व्हायला हवं. ‘डोळे मिटले तरी सुगंधावरून कळलं, जोतिबाचा दवणा आलाय’ इथं ‘रंगावरून’ घालून बघा, जमणार नाही.

दवणा कोल्हापूरबाहेरच्यांना सांगावा लागतो. बारीक, करड्या-हिरव्या पानांचं सुगंधी रोप. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाला वाहतात. डोंगरावर गुलाल-खोबऱ्याची उधळण चाललेली असते आणि त्यातून हा वास वेगळा ओळखू येतो. घरी आणलेल्या जुडीचा वास वाळल्यावरही बरेच दिवस टिकतो.

चांगला-वाईट सोडून वासाला दुसरी विशेषणं कुठली?

भरपूर आहेत, पण यादी पाठ करू नका. प्रत्येक विशेषणाला एक जागा असते. ती जागा आठवली की शब्द आपोआप येतो.

कुबट म्हणजे पावसाळ्यात चार दिवस न वाळलेली चादर. खवट म्हणजे जुनं खोबरं किंवा शेंगदाणे (आणि काही शेजारी). आंबूस म्हणजे फुगलेलं पीठ. मातकट, ओशट, करपट, जळकट हे नावातच आहेत. वशट म्हणजे कच्ची मासळी. उग्र म्हणजे तपकीर, मशेरी, रॉकेल. खमंग आणि खरपूस भाजण्या-तळण्यातून येतात, आणि दोन्ही स्वयंपाकघरातून बाहेर पडलेत: चर्चा खमंग असते, समाचार खरपूस घेतात.

उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, आमच्याकडे वर्षाची चटणी करतात. बाहेरगावचे ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, ती आमची चटणी. मिरची भाजताना जो झोंबरा वास उठतो त्याला ‘खाट’ म्हणतात, आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटताना उडते ती तिखटाची धूळ म्हणजे ‘खकाणा’. खाट आला की सगळी गल्ली खोकते. ‘मिरचीचा वास आला’ या वाक्यात कुणी खोकत नाही.

आणखी श्रीमंत शब्द हवे असतील तर दिवाळीनंतर गुऱ्हाळावर जा. तिथं दर अर्ध्या तासाला वास बदलतो. घाण्यातून पडणाऱ्या रसाचा वास हिरवा, ओल्या गवतासारखा. काहील (रस आटवायची मोठी कढई) चुलवाणावर चढली, रस तापला, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, तिचा वास कच्चट आणि मातकट. मळी काढली की वाफ गोड होते. रस आटून काकवीपर्यंत आला की त्या गोडात खरपूसपणा शिरतो. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, थोडा पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. तो क्षण चुकला तर खरपूसचं करपट व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे ‘खरपूस’ आणि ‘करपट’ यांतला फरक शब्दकोशापेक्षा गुळव्याला जास्त कळतो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

नव्या कोल्हापुरी पायताणाच्या चामड्याच्या वासाला विशेषण काय, असं एकदा मुलांना विचारलं होतं. उत्तर आलं, ‘नवा’. ‘पायताणाला नवा वास येतोय.’ मला आवडलं.

‘मृदगंध’, ‘मृदुगंध’ की ‘मृद्गंध’?

मृद्गंध. मृद् म्हणजे माती. मृदुगंध म्हणजे सौम्य वास, अर्थच बदलला. जोडाक्षर जमत नसेल तर सरळ ‘मातीचा वास’ लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

हा वास वळवाच्या पहिल्या सरीला येतो तो मुख्यतः मातीतल्या सूक्ष्मजीवांमुळं. ते जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात आणि आपलं नाक त्याला विलक्षण तिखट आहे, अगदी कणभरही ओळखतं. थेंब आपटला की मातीच्या छिद्रांतली हवा बुडबुड्यांतून फुटते आणि वास वर फेकला जातो. 1964 मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी कोरड्या मातीवरच्या पावसाच्या या वासाला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं. उत्तर प्रदेशात कनौजला त्याआधीपासूनच हा वास अत्तरात धरून विकत होते. आपल्या न्याय-वैशेषिक या जुन्या दर्शनांच्या पंडितांचं म्हणणं तर असं की गंध हा पृथ्वीचाच गुण, पाण्याला किंवा वाऱ्याला स्वतःचा गंध नाही. विज्ञानाच्या पेपरात हे लिहू नका, मराठीच्या निबंधात चालेल.

वास येतो म्हणजे नाकात नेमकं काय होतं? (आठवीतला प्रश्न, मराठीच्या तासाला)

पदार्थाचे रेणू हवेतून नाकाच्या वरच्या भागात जातात आणि तिथल्या वास टिपणाऱ्या ग्राहींवर बसतात. माणसात अशा ग्राहींचे सुमारे 400 प्रकार आहेत. त्यांतले कुठले एकदम पेटले यावरून मेंदू वास ओळखतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जिभेला मोजक्याच चवी कळतात, बाकीची ‘चव’ घशामागून नाकात जाणारा वास असतो. म्हणून सर्दीत तांबडा रस्सा नुसता तिखट लागतो आणि पांढरा तर गरम पाणी. करोनानंतर बऱ्याच जणांनी हे अनुभवलं. त्यासाठी नेमकं वाक्य ‘मला वास कळत नाही’. ‘मला वास येत नाही’ हेही चालतं.

‘गॅसला वास येतोय’ बरोबर की ‘गॅसचा’?

‘गॅसचा’. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन मिसळतात (पुन्हा गंधकाचं संयुग). वास आला तर व्याकरण नंतर बघा. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर जाऊन 1906 ला फोन करा.

पेपरात कोल्हापुरी लिहिलेलं चालेल का? ‘लई वास मारतंय’ वगैरे?

संवादात, अवतरणचिन्हांत चालेल. बाकी ठिकाणी ‘खूप वास मारतोय’. आमच्याकडे मुलीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. माझंही घरात तसंच चालतं, पण पेपरात ‘येते, जाते’.

मुलाचं वाक्य बरोबर होतं, तरी तुम्ही अर्धा गुण कापला. का?

एका आईनं विचारलं होतं. वाक्य असं होतं: ‘आजोबा जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांच्या पेटीला अजून तपकीरीचा वास येतो.’ ‘ला’ असूनही तक्रार नाही, कारण मध्ये ‘तपकीरीचा’ आलंय. शब्द काढला तर वाक्य लंगडं होतं. वाक्य मी पूर्ण वर्गाला वाचून दाखवलं. पण तपकीर या शब्दाला प्रत्यय लागला की ‘की’ ऱ्हस्व होतो. ‘तपकिरीचा’ हवं होतं.